दार न उघडणारी इन्शिराह

"अगं, वेडबीड लागलंय का तुला? नीश कधी कुणी विकतं का?"

इन्शिराहनं नीश विकायला काढला तेव्हा पहिली बोंब मारणारी मीच. नीश म्हणजे आमच्याकडे लग्नात नवरीच्या माहेरून येणारं भिंतभर काचेचं कपाट. आत सोनेरी काठाचे चहाचे संच, बिलोरी पेले, मुलामा दिलेले चमचे. त्या कपांतून चहा कुणी पीत नाही. पाहुण्यांनी बघायचे, घरच्या बाईनं पुसायचे, आणि ती गेली की सुनेनं नाक मुरडत उचलायचे. आमच्या अलेक्झांड्रियात घरात नवरा नसला तरी चालतं, पण नीश नसला की लोकांना वाटतं, यांचं दिवाळं निघालं.

"जन्मभर पुसला मेला," इन्शिराह म्हणाली. "आता मला ती भिंत मोकळी पाहिजे. खाट तिथे ओढायची आणि दुपारभर समुद्राचं वारं खात लोळायचं. तुझं काही म्हणणं?"

माझं म्हणणं पुष्कळ होतं, पण इन्शिराहपुढे आवाज चढवून उपयोग नसतो. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी झाली बाईची. कैरो, तांता, अस्वान, कुठे कुठे तिनं लोकांचे कॉल जोडून दिले. तारा नसत्या तरी तिचा आवाज तिथपर्यंत पोचला असता, असं माझा नवरा म्हणतो. माझ्या दारासमोरच तिचं दार. तिचा नवरा फिक्री देवाघरी गेला, एकुलता एक मुलगा रऊफ कैरोत बायको निहाल आणि मुलांसह राहतो. सगळी इमारत तिला उम्म रऊफ म्हणते, रऊफची आई. मी मात्र इन्शिराहच म्हणते, कारण फिक्री तिला लग्न करून इथे घेऊन आला तेव्हा तिच्या चपला ठेवायला जागा मीच करून दिली होती.

घर तिचं स्वतःचं. तिच्या पगारातून हप्ते गेले म्हणून फिक्रीनं तिच्याच नावावर केलं. गरीब स्वभावाचा माणूस होता बिचारा. पण घर तिचं, हे लक्षात ठेवा, कारण पुढे काही लोक हे विसरले.

तर बाईसाहेबांनी मोबाइलवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात नीशचा फोटो टाकला आणि खाली मजकूरही स्वतःच्या हातानं लिहिला. काय लिहिलं? विधवा बाई आहे, एकटीच असते, केव्हाही या, लिफ्ट बंद आहे त्याबद्दल माफी असावी, मजला अमुक, दाराचा रंग तमुक. लोकांना शोधायला त्रास पडू नये म्हणून! एवढी माणुसकी कुणी सांगितली होती? पण आमची माणसं अशीच आहेत. दारात कुणी आलं की "या, आत या" हे आधी बाहेर पडतं, "कोण तुम्ही" हे नंतर सुचतं.

एका दुपारी नवराबायकोचं जोडपं आलं. माणूस कसा, तर दाढी नीट कातरलेली, बोलणं मऊ. बाईच्या तोंडी शब्दाशब्दाला "आई, आई". इन्शिराह म्हणाली, "या, आत या." आता तुम्ही आमच्यातले असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, चांगला माणूस यावर काय म्हणतो. तो म्हणतो, "नको, देव तुमचं भलं करो, इथूनच बघतो." मग पुन्हा आग्रह होतो, पुन्हा नको होतं, मग कुठे तो उंबरा ओलांडतो. हे जोडपं पहिल्याच "या"ला आत आलं. मी दार किलकिलं करून बघत होते. मला खटकलं, पण म्हटलं, नवी पिढी, घाई असेल.

माणसानं कपाट मापायला घेतलं. एकेक कप उचलून उजेडात धरू लागला, दारं उघडू लागला, बिजागऱ्या तपासू लागला. तेवढ्यात दुपारची बांग झाली. बाई हळूच म्हणाली, "आई, किब्ला कुठल्या बाजूला, तोंड कुठे करू? बाहेर असले की माझा नमाज चुकतो. इथेच कोपऱ्यात पढून घेऊ का?"

आता सांगा, याला नाही कोण म्हणेल? इन्शिराहला तर भरूनच आलं. कोपऱ्यात कशाला, पोरी, म्हणाली, आणि तिला आपल्या झोपायच्या खोलीत नेऊन आपलीच सतरंजी अंथरून दिली. वर तिचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून दार ओढून घेतलं आणि त्या माणसासाठी चहा टाकायला गेली. खोलीतली बाई बाहेर आली ती इन्शिराहच्या डोक्यावरून हात फिरवत, दुवा देत. उद्या टेम्पो घेऊन येतो म्हणाले आणि गेले.

रात्री इन्शिराहनं कपडे ठेवायला त्या खोलीतलं कपाट उघडलं तेव्हा सोन्याच्या बांगड्यांचा डबा रिकामा. तिच्या आईनं तिला घातलेल्या बांगड्या. फिक्रीच्या आजारपणातही तिनं विकल्या नव्हत्या.

मी त्या बाईला काय काय शिव्या घातल्या ते इथे सांगण्यासारखं नाही. इन्शिराह मात्र सरळ चौकीत गेली. चौकीतल्या साहेबानं तक्रार लिहून घेतली आणि वडीलधाऱ्या बाईला हाक मारतात तशी हाक मारून विचारलं, "हाज्जा, दार तुम्हीच उघडलंत ना?" ती "हो" म्हणाली आणि घरी आली. मग तिनं पडदे पाडले. मी तिचं दार वाजवलं तर आतून "कोण?" असा आवाज आला. नुसत्या खोकल्यावरून मला ओळखणारी बाई मला "कोण?" विचारत होती! मला असा राग आला, आणि मग असं वाईट वाटलं की घरी येऊन मी वांगी जाळली.

इमारतीतल्या बायका जिन्यात कुजबुजायच्या. नीश विकायला काढला ना, घ्या आता. एकट्या बाईनं असले धंदे करूच नयेत. माणूस लुटला गेला की लोकांना एवढा शहाणपणा कुठून सुचतो, देव जाणे.

शुक्रवारी रऊफ आला. चांगला मुलगा आहे, माझ्या हातची मुलूखियाची पातळ भाजी ओरपून वाढलेला. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण घाबरलेला मुलगा आणि हुकूम सोडणारा मुलगा, यांत फारसं अंतर राहत नाही.

"आई, पुरे झालं. बॅग भर," तो म्हणाला. मी कॉफी घेऊन गेले होते, म्हणून तिथेच होते. "आमच्या वसाहतीला फाटक आहे, कॅमेरे आहेत, पहारेकरी आहेत. कुणी चिटपाखरू आत येत नाही. मुलांची अभ्यासाची खोली आहे, तिथे तुझी खाट टाकू."

इन्शिराह खाली मान घालून बसली होती. "बरं," ती म्हणाली.

इन्शिराहच्या तोंडून "बरं"! जिनं एक्सचेंजमध्ये साहेबाला फोनवर गप्प बसवलं होतं, ती बाई "बरं" म्हणते? त्या क्षणी मला कळलं की बांगड्या ही काहीच गोष्ट नव्हती. चोरांनी न्यायचं ते दुसरंच नेलं होतं, आणि आता उरलेली बाई रऊफ घेऊन चालला होता.

"नीशचं मी बघतो," रऊफ पुढे म्हणाला. "बाकीचं भंगारवाल्याला देऊन टाकू. घराचंही नंतर काहीतरी करता येईल."

"रऊफ," इन्शिराहनं विचारलं, "तुमच्या दाराची किल्ली देशील ना मला? म्हणजे सकाळी जरा खाली जाऊन पाव वगैरे..."

"तुला किल्ली कशाला लागेल आई? निहाल असतेच की घरी."

त्यानं प्रेमानंच सांगितलं. मी साक्षी आहे. पण इन्शिराहनं मान वर केली आणि पोराकडे असं बघितलं, जणू तो अगदी आत्ताच खोलीत आला होता. कॉफी संपवली. पदर सारखा करावा तसा डोक्याचा रुमाल सारखा केला.

"मला ईदपर्यंत वेळ दे," ती म्हणाली. "सामान माझं आहे, मीच विकणार. फुकट भंगारात घालायला मी काही मेले नाही."

"आई!"

"ईदपर्यंत."

रऊफनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "पण आणखी एक जरी भानगड झाली ना, एक जरी, तर त्याच दिवशी तुला घेऊन जाणार. मग तुझं काही ऐकणार नाही."

"कबूल," इन्शिराह म्हणाली. तो गेल्यावर तिनं पडदे असे खसाखसा ओढले की एक कडी निसटून खाली पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्यात उभी राहून ओरडत होती. आमचा राखणदार शाझली, वरच्या मजल्यावरचे दोघे भाऊ, आणि माझा नवरा, ज्याला पाठीचा त्रास आहे, सगळ्यांना तिनं कामाला जुंपलं. नीश खाली चालला होता! एकेक मजला, एकेक वळण. "डावीकडे घ्या! अरे डावीकडे, तुझी डावी कुठली आहे?" बायका दारादारांत उभ्या राहून बघत होत्या. प्रेतयात्रेलासुद्धा आमच्या जिन्यात एवढी गर्दी झाली नव्हती.

"उम्म रऊफ, दुकान टाकताय का?" खालच्या मजल्यावरच्या बाईनं टोमणा मारला.

"हो. येताना पैसे घेऊन या, नुसतं तोंड नको," इन्शिराहनं उत्तर दिलं.

इमारतीच्या दारातून आत आलं की आमच्याकडे एक रुंद बोळ लागतो, शाझलीच्या खाटेपासून जिन्यापर्यंत. तिथे नीश भिंतीला लावला. शेजारी दोन खुर्च्या मांडल्या. समोर रस्त्यापलीकडे कहवाखाना, तिथे दिवसभर पुरुष फासे टाकत बसलेले असतात. मोबाइलवरचा मजकूर इन्शिराहनं माझ्यासमोर पुन्हा लिहिला. विधवा हा शब्द मीच काढायला लावला. एकटी हाही काढला. मजला, दार, रंग, सगळं उडवलं. फक्त गल्लीच्या तोंडाशी या आणि फोन करा, एवढंच ठेवलं. वेळ सकाळची, कहवाखाना भरलेला असतो तेव्हाची. कपसुद्धा नुसते चार मांडले, बाकीचे खोक्यात घालून माझ्या पलंगाखाली.

"आणि वर कुणी येणार नाही," इन्शिराह म्हणाली. "कुणीही. हातपाय धुवायला नाही, मुताला नाही, नमाजाला नाही."

"नमाजालासुद्धा?" मी विचारलं.

"समोर मशीद आहे. बायकांची बाजू आहे तिथे."

बोलली खरी, पण हे बोलताना तिचा चेहरा बघवत नव्हता. आमच्या माणसाला दारातल्या माणसाला "आत या" न म्हणणं म्हणजे घशातला घास थुंकण्यासारखं आहे. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा तिचे ओठ "या, आत..." पर्यंत गेले आणि मी तिच्या पायावर पाय दिला. आम्ही सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचो, चहा कहवाखान्यातून यायचा, आणि येणारा प्रत्येक जण इकडे तिकडे बघून विचारायचा, "घर कुठे आहे तुमचं?" इन्शिराह म्हणायची, "इथेच आसपास." काही जण हसायचे. एक जण फणकारून निघून गेला की मी काय चोर आहे का.

"असाल किंवा नसाल," ती त्याच्या पाठीवर म्हणाली. "मी विचारलं का?"

शेवटी नीश घेतला तो दमनहूरच्या एका बाईनं, मुलीच्या लग्नासाठी. तिची बोलणी चालली असताना दुपारची बांग झाली आणि तिनं नेमकं तेच विचारलं. "वर तुमच्या घरात जागा मिळेल का हो नमाजाला?"

इन्शिराहच्या मांडीवरच्या बिया खाली सांडल्या. मला वाटलं, आता ही विरघळते. ती उठली, त्या बाईचा हात धरला. "चला, मी तुम्हाला मशिदीत घेऊन जाते. माझाही व्हायचा आहे." दमनहूरवालीला ते आवडलं नाही, तिच्या भुवया सांगत होत्या. पण दोघी रस्ता ओलांडून गेल्या, शेजारी शेजारी उभं राहून नमाज पढला, वाटेत इन्शिराहनं बांगड्यांचं सांगितलं असावं, आणि परत आल्या तेव्हा त्या बाईनं भाव न पाडता कपाट उचललं. जाताना म्हणाली, "माझ्या मुलीलाही सांगते, घरात कुणाला घेऊ नकोस." आम्ही दोघींनी घशातून अशी ललकारी काढली, लग्नात काढतात तशी, की कहवाखान्यातल्या लोकांना वाटलं कुणाचं जमलं.

नीशनंतर फिक्रीचं टेबल गेलं, दोन पंखे गेले. इन्शिराहच्या चालण्यात पुन्हा जोर आला. मी मनात म्हणत होते, ईद येऊ दे आणि जाऊ दे.

मग तो शिलाई मशीनवाला आला.

मशीन अजून वरच होतं. शाझली पाव आणायला गेला होता, आल्यावर खाली आणणार होता. गिऱ्हाईकाला सांगितलेली वेळ व्हायला अवकाश होता. मी भाजी निवडत होते, तर जिन्यात पावलं वाजली. परका पुरुष जिना चढताना "या सातिर, या सातिर" अशी देवाच्या नावाची हाळी देतो, बायकांना आवरून घ्यायला वेळ मिळावा म्हणून. हा मुकाट्यानं चढला. मी दाराच्या भोकाला डोळा लावला. धट्टाकट्टा माणूस, हातात काही नाही. मजला आणि दार त्याला त्या जुन्या मजकुरातूनच कळलं असणार, कारण त्यानं नेमकं इन्शिराहचं दार वाजवलं.

"हाज्जा, मशीन बघायला आलोय."

"खाली थांबा," आतून आवाज आला. "मशीन खाली येईल."

"अहो, आता वर आलोच आहे तर बघून घेतो."

"खाली."

"दार तरी उघडा. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय."

"बोला. भिंत ऐकतेय."

तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हाज्जा, गुडघे गेलेत माझे. एवढे जिने चढलोय. घोटभर पाणी तरी द्याल की नाही?"

पाणी! आता यावर काय करणार? पाण्याला नाही म्हणणारं घर मी आजवर बघितलं नाही. आतून काही आवाज येईना. मी स्वयंपाकघरात धावले, माठातला पेला भरला आणि माझ्या दाराची कडी काढली. नुसती कडी वाजली हो, दार अजून उघडलंही नव्हतं.

"एतिदाल! दार लाव!"

असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पेला हातातून निसटून माझ्या पायावर रिकामा झाला आणि मी कडी लावली.

"काय माणसं आहात तुम्ही!" तो जिन्यात ओरडला. "तहानलेल्याला पाणी नाकारता? देवाला काय तोंड दाखवणार?"

"ते माझं मी बघेन," इन्शिराह म्हणाली. "पाणी समोरच्या कहवाखान्यात आहे. माझ्या नावावर चहाही घ्या."

त्यानं दारावर थाड्‌कन पंजा मारला. "उघड, म्हातारे!"

मग रस्त्याच्या बाजूनं तो आवाज ऐकू आला. ती सज्जात गेली होती. "अरे ए कहवाखान्यातल्या पुरुषांनो! माझ्या दारात एक माणूस उभा आहे, जा म्हटलं तरी जात नाही! ते फासे ठेवा आणि वर या!"

मी सांगते तुम्हाला, आमच्या गल्लीत कुणी उधारी मागितली तर माणूस सापडणार नाही, पण अशी हाक आली की खुर्च्या उलट्या पडतात. जिना धडधडला. तो माणूस खाली निघाला होता, त्याला त्यांनी मधल्या मजल्यावर गाठलं. तिथे पायरीवर आणखी एक जण बसलेला सापडला. भावाला चक्कर आली म्हणून बसवलंय, असं तो म्हणाला. बरीच तोंडातोंडी झाली. हातात काही नव्हतं, काही चोरलं नव्हतं, शेवटी दोघांना गल्लीबाहेर काढलं.

दुपारी मी तिच्याकडे गेले. यावेळी मीच आधी नाव सांगितलं. "इन्शिराह, खरंच तहानलेला असला तर गं?"

"तर खाली प्यायला असेल."

"आणि भावाला खरंच चक्कर आली असली तर?"

"एतिदाल, चोर कोण आणि साव कोण, हे ओळखायची विद्या मला येत नाही. आली असती तर बांगड्या गेल्या नसत्या. तुलाही येत नाही, पेला घेऊन निघाली होतीस. मग मी ओळखत बसतच नाही." ती मटार सोलत राहिली. "लोक मला माणूसघाणी म्हणू देत. म्हणून म्हणून दमतील."

पण आणखी एक भानगड तर झाली होती. शाझलीला रऊफ ईदेला बक्षिसी देतो, त्यामुळे शाझलीच्या तोंडाला कुलूप कसलं राहतंय. दोन दिवसांनी जिन्यात रऊफचा आवाज आला. मी पुन्हा भोकाशी. रऊफबरोबर एक चकचकीत बुटांचा गृहस्थ होता, मान वर करून छताचे पोपडे बघत होता. रऊफनं आपल्याकडची किल्ली लावली. दार हललं नाही, आतून अडसर होता.

"आई, मी आहे. उघड."

"बरोबर कोण आहे?"

"ओळखीचे आहेत."

"कुणाच्या ओळखीचे?"

रऊफनं घसा खाकरला. "दलालाच्या. आई, घर बघायचंय त्यांना. नुसतं बघायचंय."

इतके दिवस कपाटं, पंखे, टेबलं चालली होती. आता लेकानं तिच्या डोक्यावरचं छप्पर दाखवायला गिऱ्हाईक आणलं होतं, तिला न विचारता, सरळ तिच्या दारात.

"त्यांना खाली घेऊन जा," इन्शिराह म्हणाली.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत."

"एवढे वर चढून आलेत बिचारे! पाच मिनिटांचा प्रश्न आहे. दारात आलेल्याला परत पाठवू नये, हे तूच शिकवलंस ना मला?"

"शिकवलं. चुकीचं शिकवलं. आता नव्यानं शीक."

चकचकीत बुटांच्या गृहस्थाचे कान लाल झाले. "राहू द्या, रऊफसाहेब. मी नंतर येईन."

"नंतरही येऊ नका," दार बोललं. "तुमच्यावर माझा राग नाही. पण हे घर विकायला नाही, आणि ज्यानं विकायला काढलं त्याचं ते नाही."

गृहस्थ जिना उतरून गेला. भला माणूस असावा, उतरताना मोठ्यानं देवाचं नाव घेत गेला. रऊफनं दारावर मूठ आपटली आणि त्याचा आवाज फाटला. "मी तुझा मुलगा आहे, आई! चोर आहे का मी? त्या दिवशी ते दोघं आत घुसले असते तर? रात्र रात्र झोप नाही मला! तुला काही झालं तर लोक मला काय म्हणतील, मी स्वतःला काय म्हणू?"

आतून उत्तर आलं ते अगदी दाराला लागून आणि अगदी शांत. मला कान लाकडाला चिकटवावा लागला.

"रऊफ, त्या बाईनं माझ्या बांगड्या नेल्या. तू मला न्यायला निघालायस."

रऊफ दाराला पाठ टेकून तिथेच फरशीवर बसला, एवढा मोठा माणूस, पँट मळेल याची पर्वा न करता. तो रडत होता. माझेही डोळे वाहत होते, पण मी दार उघडलं नाही. मला त्यात नाक खुपसायचं कारण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती पुन्हा ओरडली असती.

पुष्कळ वेळानं आतून विचारणा झाली. "आता एकटाच आहेस?"

"एकटाच आहे, आई."

अडसर सरकला. रऊफ आत गेला आणि माझ्या तोंडावर दार बंद झालं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि हे मला अजून सलतं. तळलेल्या माशांचा वास आला एवढं खरं. संध्याकाळच्या गाडीनं रऊफ कैरोला परत गेला, एकटा. ईद आली आणि गेली.

इन्शिराह अजून तिथेच राहते, आपल्या घरात, एकटी. दर आठवड्याला काही ना काही खाली बोळात विकायला ठेवते, आणि आता इमारतीतल्या ज्या बायका तिला हसल्या त्याही आपली जुनी कपाटं तिथेच आणून मांडतात. तुम्हालाही काही घ्यायचं असेल तर सकाळी फोन करा, ती खाली येईल. पण गल्ली कुठली आणि मजला कितवा, ते मला विचारू नका. मी तुम्हाला ओळखत नाही.